ऐंशी टक्क्यांची शिस्त

गेल्या आठवड्यात बिबवेवाडीच्या चढावर माझी इलेक्ट्रिक स्कूटर बंद पडली... आणि डिस्प्लेवर बॅटरी चक्क तीस टक्के! पंधरा दिवसांतली तिसरी वेळ.

मुलाने लगेच निकाल दिला, "आई, बास आता. रिक्षाने जात जा." खडकीला माझी बहीण असते, तिला चालता येत नाही. आठवड्यातून दोनदा मी जाते, ते माझ्या सवडीने. स्कूटर गेली की ते दुसऱ्याच्या सवडीने होणार... म्हणजे होणारच नाही.

सर्व्हिस सेंटरवाल्याने तपासण्याआधीच "बॅटरीचा पॅक गेला, नवा घ्या" सांगितलं. नाडी न बघता ऑपरेशन!

म्हणून मार्केट यार्डाजवळच्या बागवानांकडे गेले. ते बॅटऱ्या दुरुस्त करतात. विश्वास त्यांच्यावरही नव्हताच... पॅकमधले चांगले सेल काढून जुने घालतात, असं ऐकून होते. निघण्याआधी सुनेचं मरून नेलपॉलिश घेतलं आणि पॅकच्या प्रत्येक स्क्रूवर एकेक ठिपका दिला. कोणी उघडलं तर कळायला नको?

बागवानांनी वायर जोडून मोबाइलवर प्रत्येक सेलचा आकडा पाहिला. सगळे ठीक, एकच मागे. तो एक रिकामा झाला की अख्खा पॅक बंद होतो म्हणे, बाकीच्यांत चार्ज असला तरी.

"ताई, शेवटचं फुल चार्ज कधी केलंत?"

"कधीच नाही. ऐंशीला प्लग काढते. आयुष्य वाढतं बॅटरीचं." हे मी जरा अभिमानानेच सांगितलं.

"कोणी सांगितलं?"

व्हॉट्सअॅपवर आलं होतं.

"तुमच्या पॅकमध्ये सगळे सेल सारखे करायचं काम शंभराच्या जवळ सुरू होतं. हळू जेवणाऱ्याचं व्हायच्या आत तुम्ही रोज पंगत उठवताय. ठेवून जा, उद्या या."

ठेवून जा? मी स्टूल ओढलं आणि तिथेच बसले. अकरापासून पाचपर्यंत.

त्यांनी पॅक चार्जिंगला लावला. मध्ये शंभर टक्के दिसले, तशी उठले. ते मान वर न करता म्हणाले, "बसा ताई, अजून जेवतोय तो."

संध्याकाळी सगळे आकडे जवळपास सारखे आले. अजून चार-पाच वेळा पूर्ण चार्ज करा, मध्ये हात लावू नका, असं बजावून त्यांनी पॅक परत दिला. "एकही स्क्रू उघडला नाही हं... रंग मात्र छान आहे."

आल्याआल्याच पाहिलं होतं त्यांनी! आणि दिवसभर चहा पाजत होते.

काल तोच चढ चढून खडकीला जाऊन आले. स्कूटर कुठे अडली नाही.

पंधरा दिवस मी सगळ्यांवर संशय घेतला... प्लग काढणाऱ्या माझ्या हातावर तेवढा घेतला नाही. बागवान, मनापासून आभार. ठिपके पुसलेले नाहीत, राहू देत. माझ्यासाठी आहेत आता ते.