अठरा सूत

फेब्रुवारीतला दुसरा रविवार, सकाळचे साडेदहा. रक्कम साडेसहाशे रुपये, त्यातले तीनशे आगाऊ दिलेले. जागा दहिवलीतली सुताराची शेड. हजर: मी, सुतार, त्याची ओळख करून देणारा माझा मेव्हणा, आणि पिशवीत धनुष्य घेतलेली माझी मुलगी.

मुलगी तिरंदाजी शिकते. तिच्या धनुष्याच्या दोरीचे दोन धागे तुटले होते. त्या दोरीवर मोहोपाड्याच्या निवड चाचणीला उभं करणार नाही, असं तिच्या सरांनी बजावलं होतं. चाचणी पुढच्या रविवारी. धनुष्य कुणाकडून तरी जुनं घेतलेलं. त्याच्या मापाची दोरी मागवली तर बारा दिवस लागणार होते. धाग्याचं रीळ घरात होतं, म्हणून दोरी घरीच करायची ठरवली.

त्यासाठी साचा लागतो. एक लांब फळी, तिच्या दोन्ही टोकांना फिरणारा एकेक आडवा दांडा, प्रत्येक दांड्यावर दोन खुंट्या. धागा या खुंट्यांभोवती गुंडाळायचा. दांड्यावरच्या दोन खुंट्यांमध्ये जेवढा धागा येतो, त्याचाच दोरीच्या टोकाचा फास होतो. मी आकृती काढली, मापं घातली आणि सुताराला दिली.

शनिवारी साचा आणून दोरी केली, तर फास धनुष्याच्या वरच्या पात्यावर चढेचना. रिळात आता एकाच दोरीपुरता धागा उरला होता.

रविवारी सुताराच्या समोर टेप लावला. खुंट्यांमध्ये सत्तावन्न मिलिमीटर, म्हणजे सव्वादोन इंच. हवे होते शंभर. मी त्याला सांगितलं की तू नजरेनं काम करतोस आणि मापाचे पैसे घेतोस, ही चोरी आहे. उरलेले साडेतीनशे मिळणार नाहीत, दिलेले तीनशेही परत हवेत.

त्यानं रंधा खाली ठेवला नाही. फळीवरचा तेवढा पट्टा पुरा केला, मग खिळ्यांच्या डब्याखालून माझा कागद काढला. दोन खुंट्यांच्या बरोबर मध्ये, माझ्या अक्षरात, 'अठरा सूत' लिहिलेलं होतं. बाकी सगळी मापं मिलिमीटरमध्ये होती. शंभरचा आकडा कुठेच नव्हता.

"आठ सुतांचा इंच. अठरा सूत म्हंजे सव्वादोन इंच," तो म्हणाला. "टेप लावा परत."

मी म्हणालो, ते सूत म्हणजे धागा. दोरी अठरा धाग्यांची आहे, एवढंच मी तिथे लिहिलं होतं.

मेव्हणा हसायला लागला. "दाजी, सुताराच्या कागदावर सूत लिवलंत, नि त्यानं धागे मोजायचे व्हय?"

त्याला तिथे कुणी बोलावलं नव्हतं.

नवी भोकं पाडायचे पन्नास रुपये वेगळे देतो, असं मी सुताराला म्हणालो. त्यानं ड्रिल उचलून वरच्या फळीवर ठेवलं.

"पैशाचं मागनं बघू. मला चोर बोललात. आता बोला, कागद कुनाचा चुकला?"

त्यानं पुन्हा रंधा धरला. त्याला घाई नव्हती, शेडमध्ये दुसऱ्याच्या दाराचं काम पडलं होतं.

"बाबा, बोला ना," मुलगी म्हणाली. "मला सरावाला सहा दिवस आहेत."

"कागद माझा चुकला," मी म्हणालो.

"नि चोर?"

"तेही चुकलं."

त्यानं ड्रिल खाली घेतलं. किती अंतर ठेवू, विचारलं. शंभर मिलिमीटर, मी म्हणालो.

"सुतात सांगा."

बत्तीस सूत म्हणजे चार इंच, एकशे एक पूर्णांक सहा. दीड मिलिमीटर जास्त, पण चालणार होतं. "बत्तीस," मी म्हणालो.

दोन नवी भोकं, दोन खुंट्या, दहा मिनिटांचं काम. रीळ सोबत आणलं होतं, दोरी तिथेच केली, पुन्हा घरी नेऊन परत यायची माझी इच्छा नव्हती. नऊ वेढे घेतले की अठरा धागे होतात. फासाच्या जागी बारीक दोरा घट्ट गुंडाळून, पीळ देऊन, तासाभरानं दोरी मुलीच्या हातात दिली. फास पात्यावर सरकला आणि खाली बसला. तिनं दोरी चढवून बघितली, उतरवली, पुन्हा चढवली.

मी साडेतीनशे आणि भोकांचे पन्नास असे चारशे पुढे केले. सुतारानं हातात घेतले नाहीत. मी ते खिळ्यांच्या डब्याशेजारी ठेवल्यावर त्यानं उचलले आणि दोनदा मोजले. एकूण सातशे, सगळे सुताराला. मेव्हण्यानं चहाचे पैसे मागितले, ते दिले नाहीत.