खिशातला फ्यूज

पडद्यावरचं कुठलं बटण कुठं असावं आणि कुठल्या रंगाचं, हे मी गेली पंधरा वर्षं ठरवतोय. माणूस चुकला की चूक रचनेची, हे वाक्य वारज्यातल्या आमच्या ऑफिसात मी इतक्या वेळा ऐकवलंय की मी तोंड उघडायच्या आत नवी मुलं ते पूर्ण करतात.

शेतातली मोटर फोनवरून चालू-बंद करायचं ॲप मी केलं, तेव्हा ते वापरून बघायला मांजरी गावातलं एक ऊस पिकवणारं कुटुंब होतं. नवरा-बायको, दोघांच्याही फोनवर ॲप. मोटरला हात लावण्याआधी दादा मोटरच्या विजेच्या पेटीतला फ्यूज काढून खिशात ठेवायचे. मी शहाणपणा केला. "अहो, हे कशाला? 'दुरुस्ती' दाबा, वहिनींच्या फोनवर लाल दिवा लागेल."

त्यांनी ऐकलं. चौथ्या दिवशी ते मोटर उघडून बसले असताना घरी वहिनींनी तो लाल दिवा पाहिला आणि मोटर सुरू केली. दादांच्या मधल्या बोटाचं नख गेलं. हात थोडक्यात वाचला.

मी तडक गेलो आणि वर चिडूनच विचारलं, "लाल दिसत असताना दाबलंत कसं?" आज आठवलं तरी स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

"लाल दिसला म्हनूनच दाबलं की," वहिनी रडवेल्या झाल्या. "पेटीवर लाल, पिवळा, निळा दिवा लागला म्हंजे लाईट आली. फोनात येकच दावत आसंल, वाटलं."

ती पेटी मी एकदाही नीट पाहिली नव्हती.

दिवा काढून टाकला. आता ज्यानं 'दुरुस्ती' दाबलं, त्यानंच ती उठवायची. तोवर दुसऱ्याच्या फोनवर सुरू करायचं बटणच नसतं. काम चोख झालं, हे मी छातीठोकपणे सांगतो.

तसंच दादांनाही सांगितलं. पट्टी बांधलेल्या बोटानं त्यांनी दोन-तीनदा दाबून पाहिलं. वहिनींच्या फोनवरून बटण खरंच गायब झालं.

"झ्याक हाय," दादा म्हणाले. "मंग घाला हात."

मी मोटरपाशी बसलो. हात पुढं केला. मग उठलो, पेटी उघडली, फ्यूज काढून शर्टाच्या खिशात टाकला आणि पुन्हा येऊन बसलो. दोघांपैकी कुणीही हसलं नाही.

'दुरुस्ती' दाबलं की आता आधी एकच ओळ येते: फ्यूज काढा, खिशात ठेवा.