कोण खोकलं?

बसस्थानकावर दोन भोंगे होते. एक खांबावरचा, तो अधूनमधून बंद पडायचा. दुसरे भोंगेकाका, ते कधीच बंद पडले नाहीत. अमुक गाडी तमुक फलाटावर लागली आहे, हे माईकवरून सांगण्यात त्यांची उभी हयात गेली होती, आणि त्यांच्या खणखणीत आवाजाचा त्यांच्यापेक्षा काकूंनाच जास्त अभिमान. घरात मात्र काकांचा आवाज फारसा निघत नसे. तो बहुतेक नवऱ्यांचा निघत नाही, त्यात नवल ते काय!

अशा माणसाला खोकला झाला. "फलाट क्रमांक" एवढं म्हणून होतं न होतं तोच उबळ यायची, आणि प्रवासी मंडळी बिचारी भाबडी. काका दोनदा खोकले की अर्धा जमाव पिशव्या उचलून दोन नंबरकडे धावायचा. एकदा लागोपाठ सात वेळा खोकले. स्थानकात फलाट सहाच. लोक शेवटच्या भिंतीपाशी जाऊन शिस्तीत रांग लावून उभे राहिले.

घरी आणखी एक खोकणारा होता: ठेंगू. मांजरापेक्षा जेमतेम मोठा कुत्रा, वयाने म्हातारा आणि तोरा गावच्या पाटलाचा. तोही त्याच सुमारास खोकायला लागला. आणि कसा, तर थेट काकांसारखा. आधी घशात खरखर, मग दोन ठसके, मग "मी कुठे काय केलं?" असा चेहरा.

त्या दिवसांत काकूंचा धाकटा भाऊ मुक्कामाला होता. आला तोच शिंकत आला होता, पण पाहुण्याच्या शिंका कोण मोजतो? आयुष्यभर पाण्याची गाळणयंत्रं विकल्यामुळे जंतू या विषयात आपला हात कुणी धरणार नाही, अशी त्याची खात्री होती.

"ताई, भावोजींना हे कुत्र्याकडून आलंय," तो म्हणाला. "उद्या तुला येईल. परवा मला."

लगेच उपाययोजना सुरू झाल्या. ठेंगूच्या तोंडाला मास्क बांधला. त्याने तो खाल्ला. दुसरा बांधला. तोही खाल्ला. तिसरा मेहुण्याने स्वतःच्या तोंडाला बांधला आणि ठेंगूकडे पाठ करून बसला. शेवटी काकूंनी निकाल दिला.

"यापुढे हा खोकताना ऐकू आला, तर दादल्यासकट सगळं घर आजारी पाडण्याआधी याला गोदामावरच्या रखवालदाराकडे पाठवणार. तो कुत्रं मागतोच आहे."

त्या घरात काकांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा ठेंगू एकटाच होता. तो गेला तर माईक बंद केल्यावर बोलायचं कुणाशी?

संध्याकाळी बाहेरच्या खोलीत खरखर झाली, दोन ठसके आले. काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "कोण खोकलं?"

"मी!" काका म्हणाले.

लगेच मिठाचं गरम पाणी आलं. काकांनी मुकाट्याने गुळण्या केल्या. ठेंगू शेजारी बसून पाहत होता.

मग हे रोजचंच होऊन बसलं. खोकायचं कुत्र्याने आणि गुळण्या करायच्या काकांनी. एकदा काका न्हाणीघरात असताना ठेंगू बाहेर खोकला.

"कोण?"

"मी!" आतून आरोळी आली.

"अहो, आवाज बाहेरच्या खोलीतून आला!"

"आवाज घुमतो माझा!" काका म्हणाले, आणि ओल्या अंगानेच गुळण्यांना हजर झाले.

गंमत अशी की काकांचा स्वतःचा खोकला एव्हाना कधीच पळाला होता. स्थानकावर प्रवासी पुन्हा बरोबर फलाटावर जाऊ लागले. काकूंच्या कानावर हे गेलं आणि त्यांनी दोन अधिक दोन पाच केले. "कामावर खणखणीत आणि घरी आले की खोकला! म्हणजे घरातच काहीतरी आहे. म्हणजे कुत्राच!"

करायला गेले एक आणि झालं भलतंच. ज्याला वाचवायला काकांनी एवढं मीठ गिळलं, त्याच्याविरुद्ध त्याच गुळण्या पुरावा झाल्या.

"पण आधी डॉक्टरला दाखवू," काकू म्हणाल्या. "रोगी कुत्रं रखवालदाराच्या गळ्यात बांधायचं पाप मला नको."

गुरांच्या आणि कुत्र्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे सगळे गेले. ठेंगूला टेबलावर ठेवतात न ठेवतात तोच मेहुणा म्हणाला, "आधी एवढं सांगा, याचा खोकला माणसाला लागतो की नाही?"

"कुत्र्यांचा खोकला बहुतेक कुत्र्यांतच फिरतो," बाई म्हणाल्या. "माणसाला लागला तर क्वचित, आणि तोही एखाद्या फारच अशक्त, आजारी माणसाला. माणसाला खोकला देतो तो माणूसच. घरात आधी कुणाला सर्दी झाली होती?"

सगळ्यांनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने भिंतीवरच्या मांजराच्या चित्राकडे पाहिलं.

बाईंनी ठेंगूच्या छातीला नळी लावली. बराच वेळ ऐकत राहिल्या. "हा कधीपासून खोकतोय?"

"थोडे दिवस खोकला, मग थांबला," काकू म्हणाल्या.

"थांबला नाही," काका हळूच म्हणाले. "रोज खोकतोय. आता जास्तच."

"मग त्या गुळण्या कुणाच्या होत्या?"

"त्याच्या."

बाईंनी नळी कानातून काढली. "याला सर्दीबिर्दी काही नाही. याचं हृदय वाढलंय. ते श्वासनळीवर दाबतं, म्हणून खोकतो. म्हाताऱ्या, लहान चणीच्या कुत्र्यांना होतं असं. थोडं आधी आणायला हवं होतं."

"म्हणजे कुणालाच लागत नाही!" मेहुण्याने मास्क काढला. "मिटलं!"

"काय मिटलं?" काका गरजले. बाहेर ताटकळत बसलेली सगळी कुत्री एकदम भुंकायला लागली. "महिनाभर आपण हेच विचारतोय, त्याच्यापासून आपल्याला काय होईल. त्याला काय झालंय, हे एकाने तरी विचारलं? मीसुद्धा नाही विचारलं. मी मूर्ख नुसता गुळण्या करत बसलो!" त्यांचा आवाज फाटला. खोकल्यानेही कधी फाटला नव्हता इतका.

बाईंनी गोळ्यांची पाकिटं काढली. "या गोळ्यांनी आराम पडेल, पण आता त्या कायमच्या. आणि रोज किती खोकला ते मला खरं खरं कळलं पाहिजे. घरी याच्याकडे कोण बघणार?"

काकांनी हात वर केला. काकूंनी तो धरून खाली ओढला, ठेंगूला उचलून पदराखाली घेतलं आणि म्हणाल्या, "मी. हे खोटं बोलतात."