फ्रेममधला हुकूम

शारजातली ती दुपार मी अजून विसरलेलो नाही.

कोकणातल्या एका गावातली अकरा कुळं पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवरून उठणार होती. गावच्या खोतांच्या एका नातवाने कोर्टात जुना सरकारी हुकूम हजर केला होता. जागतिक मंदीत भाताचे भाव कोसळले, तेव्हा खोतांनी इंग्रज सरकारकडे गाऱ्हाणं नेलं होतं: कुळं जमिनीचा खंड देत नाहीत, आमचा शेतसारा माफ करा आणि त्यांना काढू द्या. सरकारने दोन्ही मान्य केल्याचं त्या हुकुमात होतं. त्याचा पोलीस तपास माझ्याकडे आला. कागद मला बनावट वाटत होता, पण सरकारी दप्तरातली मूळ प्रत कोणीतरी फाडून नेली होती.

मग एका निवृत्त कारकुनाने खबर दिली. खोतांना मिळालेला अस्सल हुकूम त्यांचा थोरला नातू शारजाला घेऊन गेला होता. परवानग्या मिळवता मिळवता चपला झिजल्या, पण गेलो.

हा नातू इंजिनिअर, तिथल्या अल नहदा भागात सहकुटुंब राहणारा. जमिनीत त्याचाही हिस्सा होता, तेव्हा हा खोटंच बोलणार असं मी धरूनच बसलो होतो. जुने पेपर्स आपल्याकडे नाहीत, असं त्याने सांगितलंही. माझी नजर टीव्हीच्या वर गेली. तिथे फ्रेममध्ये राजमुद्रेचा इंग्रजी कागद होता. विचारल्यावर त्याचा चेहरा खुलला. आजोबांना ब्रिटिश गव्हर्नमेंटने दिलेलं सर्टिफिकेट, म्हणाला. लहानपणापासून भिंतीवर पाहिलेलं, वाचलं कोणीच नव्हतं.

"जरा वाचून दाखवा," मी म्हणालो.

तो ऐटीत वाचू लागला. त्या वर्षाचा सारा निम्मा माफ. मात्र एकाही कुळाला जमिनीवरून काढता येणार नाही. ती ओळ त्याने पुन्हा एकदा वाचली.

परमुलखात मला जप्तीचा अधिकार नव्हता. त्याने नाही म्हटलं असतं, तर मी हात हलवत परतलो असतो. त्याच जमिनीवर घर बांधायचं ठरलंय, याची त्याच्या बायकोने हळूच आठवण करून दिली. तरी खुर्चीवर चढून त्याने स्वतःच फ्रेम उतरवली.

"माझा हिस्सा खलास, साहेब," तो म्हणाला. "पण त्या लोकांना उठवू नका. घ्या, जबाबही लिहून घ्या."

त्या कागदापुढे त्याच्या चुलतभावाचा बनाव टिकला नाही. अकराही कुळं जमिनीवर राहिली. समोरचा खोटंच बोलणार असं धरून चौकशीला बसायची माझी सवय मात्र त्या दिवशी सुटली.

जबाबात साक्षीदाराचे आभार मानायला जागा नसते. मी सही घेतली आणि निघून आलो. ते आभार आज मानतो.