दादाला दाखवा

सकाळी फोन वाजला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. स्क्रीनवर ‘सुरेश भावजी’ नाव बघितलं आणि कपाळाला हात लावला. झालं, आता सकाळी सकाळी कुठल्या तरी परदेशातल्या खुर्चीची गोष्ट ऐकावी लागणार! पिठाच्या हातानेच फोन उचलून म्हटलं, “भावजी, बघते हो, पोळ्या तरी होऊ देत.” पलीकडे भावजी नव्हतेच. माझी जाऊ नंदा होती. “ताई, हे गेले...” एवढंच तिला बोलता आलं. झोपेतच गेले होते. मुलुंडहून घाटकोपरला पोहोचेपर्यंत ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, रिक्षावाल्याला तीनदा ‘जरा लवकर’ म्हटलं. दोघं सख्खे भाऊ, पण एकमेकांशी बोलणं बंद होऊन सहासात वर्षं झालेली. मला रडू यायच्या आधी संताप आला, आणि खरं सांगायचं तर तो अजून पुरता गेलेला नाही.

माझ्या धाकट्या दिराला माहितीपट बघायचा नाद होता. लोक नातवंडांचे फोटो पाठवतात, गुड मॉर्निंगची फुलं पाठवतात. हे पाठवायचे वस्तू कशा घडतात त्याच्या फिल्म. ढकला की ओढा असं न लिहिताही माणसाला कळेल असा दरवाजा कसा करावा, आजारी माणसाला रस्ता सापडेल असे बाण दवाखान्यात कुठे लावावेत, बागेतला बाक म्हाताऱ्यांना का आवडतो आणि तरुणांना का नाही. एकदा एक म्हातारे गृहस्थ स्टेजवर उभे राहून चमच्यावर बोलले. चमच्यावर! अख्खा तास! भावजी नुसतं पाठवून थांबले असते तर मी काही म्हटलं नसतं. पण खाली सूचना असायची, ‘भाजी निवडताना बघू नका, बसून बघा.’ दुसऱ्या दिवशी फोन, “वैनी, बघलात?” गावचं बोलणं मुंबईत ते फक्त ह्या एका प्रश्नापुरतं बाहेर काढायचे. हो म्हटलं की परीक्षा सुरू. “मग सांगा, त्या माणसाने दांडा वाकडा का ठेवला?” अहो, मला काय माहीत? माझा चमचा आमटीत जातो आणि बाहेर येतो, मला तेवढं पुरे आहे. पुढच्या वेळी घरी आले तर माझे सगळे चमचे ओट्यावर मांडून बसले. आमच्या सोसायटीची लिफ्ट त्यांच्यामुळे एकदा पंधरावीस मिनिटं अडकून पडली होती, कारण बटणं लहान मुलांच्या हाताला का पोचत नाहीत हे ते वॉचमनला दार उघडं धरून समजावत होते. तळमजल्याच्या काकू जिन्याने चढून वर आल्या आणि बोलल्या मलाच.

आणि प्रत्येक फिल्मच्या शेवटी एक ओळ ठरलेली. ‘दादाला दाखवा.’

दादा म्हणजे आमचे हे. दोघांचा मिळून मुलुंडला एक गाळा होता, लोखंडी फर्निचरचा. कपाटं, रॅक, खुर्च्या. हे मापाला पक्के आणि बोलायला तिखट. भावजींच्या हातात कला होती, पण डोकं कायम हवेत. एका शाळेची बाकांची मोठी ऑर्डर आली. त्याच दिवसांत आम्हाला लग्नासाठी गावी जायचं होतं, म्हणून हे सगळी मापं भावजींच्या हवाली करून निघाले. भावजींनी नेमकी तेव्हाच मुलांच्या पाठदुखीवर एक फिल्म बघितली. झालं! कुणाला विचारणं नाही, सांगणं नाही, बाकाची सरळ पाठ त्यांनी मागे कलती केली आणि सगळे बाक पाठवून दिले. कलती पाठ जागा जास्त खाते. वर्गात रांगा मावेनात, शेवटच्या रांगेने वर्गाचं दारच अडवलं. दरवाज्यांवरच्या एवढ्या फिल्म बघणारा माणूस, आणि त्याला दार दिसू नये? सगळे बाक परत आले. हे गाळ्यात उभे राहून ओरडले, “घरी बसून फिल्मच बघ तू! उद्यापासून इथे पाय ठेवू नकोस!” भावजी एवढंच म्हणाले, “दादा, तू एकदा बसून तर बघ.” हे बसले नाहीत. भावजी घाटकोपरला दुसऱ्या कारखान्यात लागले. ह्यांनी बाकांच्या पाठी कापून सरळ केल्या आणि ऑर्डर पुरी केली. एक बाक तेवढा मी कलत्या पाठीसकट हट्टाने घरी आणला. चांगलं लोखंड, कापू देववेना. तो आमच्या बाल्कनीत आला आणि त्यावर कांदेबटाटे आले.

त्यानंतर माझी जी फरफट झाली ती मलाच ठाऊक. तोंडं दोन आणि निरोप्या मी एकटी. हे जेवायला बसले की मी ताटासमोर फोन उभा करायची. हे मान भिंतीकडे वळवायचे आणि डोळे फोनकडे. मग वरणभात कालवता कालवता म्हणायचे, “त्याला सांग, आवाज फार बारीक आहे.” मी कळवायची. उत्तर यायचं, “दादाला सांगा, कान तपासून घे.” ते मी सांगितलं की हे म्हणणार, “त्याला सांग, तुझं डोकं तपासून घे.” सासूबाईंच्या श्राद्धाला दोघं शेजारी शेजारी जेवायला बसले होते, मांडीला मांडी लागत होती, आणि भावजी मला हाक मारून म्हणाले, “वहिनी, दादाला मीठ हवंय का विचारा.” मी वाढायचं पातेलं तिथेच आदळलं. “तुम्हा दोघांची लग्नं करून द्यायच्या आधी बोलायला शिकवायला हवं होतं आईंनी!” नंदा हसून हसून बेजार झाली. हे दोघं मात्र ढिम्म. भावजींनी मीठ स्वतःच्या हाताने ह्यांच्या पानात वाढलं, ह्यांनी ते मुकाट्याने खाल्लं, आणि बोलणं काही झालं नाही.

जाण्याच्या थोडे दिवस आधी भावजी घरी आले होते. आवाज बारीक येतो ना, म्हणून एक छोटा स्पीकर घेऊन आले होते. ह्यांना चाहूल लागली तसे हे आतल्या खोलीत गेले आणि टीव्ही मोठा केला. मी चहा टाकला. भावजींनी बाल्कनीतल्या बाकावरचे बटाटे एका कडेला सारले आणि टेकून बसले. “दादा बसला का कधी ह्याच्यावर?” दर वेळी हाच प्रश्न. मी वैतागून म्हटलं, “कुठे बसणार? बटाट्यांवर?” ते हसले. मग कप हातात धरून म्हणाले, “वहिनी, दादाचं चुकलं नाही. वर्ग मोजायला हवे होते मी. पण पाठ बरोबर होती हो... तेवढं एक त्याने म्हणावं. बाकी शिव्या देऊ दे.” मी म्हटलं, “मग जा की आत, दहा पावलं नाहीत. सांगा त्यांना.” ते आतल्या दाराकडे बघत राहिले. स्पीकर माझ्या हातात देऊन म्हणाले, “ह्यावर दाखवा त्याला.” म्हणजे परत मीच! त्या दिवशी चिडचिड झाली ती झालीच. चहा मात्र त्यांनी दोनदा घेतला.

तेरावं झालं आणि हे एके दिवशी माझ्यासमोर हात पुढे करून उभे राहिले. “तुझा फोन दे. ती चमच्याची कुठेय?” मी काढून दिली. ती संपल्यावर दरवाज्याची. मग दवाखान्याच्या बाणांची. रोज दुपारी एक. माणूस होता तेव्हा भिंतीकडे बघत होतात, आणि आता स्पीकर लावून बघताय? असं मी तोंडावर म्हटलं. ह्यांनी आवाज थोडा वाढवला.

परवा बाजारातून आले तर बाल्कनीत सगळे कांदेबटाटे फरशीवर घरंगळलेले. एक तर नेमका माझ्या पायाखाली आला. हे बाकावर बसले होते, पाठ पूर्ण मागे टेकून. कठड्यावर तो छोटा स्पीकर, मांडीवर फोन, आणि त्यात कुणीतरी बागेतल्या बाकाविषयी बोलत होतं. माझा तोल सुटला. “आता बसलात? आता? भावजी जिवाचा आटापिटा करून सांगत होते तेव्हा काय झालं होतं तुम्हाला?”

ह्यांनी फिल्म थांबवली. हात मागे नेऊन पाठीची पट्टी चाचपली, पूर्वी गाळ्यात तयार माल चाचपायचे तशी. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, “पाठ बरोबर आहे. खालची पट्टी बोटभर वर हवी होती, बाकी काही नाही... त्याला सांग.”

आणि मीही अशी, की पिशवी खाली ठेवून फोन घ्यायला हात पुढे केला. ह्यांनी दिलासुद्धा. तो हातात घेतला आणि तशीच उभी राहिले.

“अहो,” मी म्हटलं, “आता कुणाला सांगू?”