गुरं आपली आपण घरी आली

लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्याला मी सासरी होते. घोडेगावच्या अलीकडं मोठा रस्ता सोडून आत वळलं की आमचं गाव लागतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी माझ्या हातात दहीभाताचं ताट दिलं आणि थोरल्या जाऊबाईंना नि मला घेऊन त्या शेताच्या बांधाकडं निघाल्या. तिथं चिंचेखाली शेंदूर फासलेला एक उभा दगड आहे. घरात त्याला वीरबाबा म्हणतात. माझे यजमान आणि थोरले दीर मात्र गोठ्यापाशीच थांबले.

"हे नाही येत?" मी विचारलं.

"आपल्यात पुरुष मानूस तिकडं जात न्हाई," सासूबाई म्हणाल्या.

"का?"

"न्हाई जात. पयल्यापासून."

मी इतिहास शिकलेली. दगड पाहिला आणि कळलं, ही वीरगळ आहे. खालच्या चौकटीत आडवा पडलेला माणूस आणि त्याच्या कडेला गाई. मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा. सगळ्यात वर तोच माणूस शिवलिंगापुढं हात जोडून बसलेला. गुरं सोडवताना जीव गेलेल्याची आठवण म्हणून असे दगड उभे करत. आमच्या भागात गावोगाव दिसतात. मला प्रश्न पडला तो वेगळाच. घरात असा शूर पुरुष होऊन गेला असेल, तर घरातल्या पुरुषांनी छाती काढून त्याच्यापुढं जायला हवं. हे लांब का उभे राहतात?

परतताना सासूबाईंनी घरात चालत आलेली गोष्ट सांगितली. दोघे भाऊ होते. लुटारू आले, रानातली गुरं वळवून घेऊन गेले. धाकटा एकटाच त्यांच्या मागं धावला आणि मारला गेला. थोरल्यानं त्याच्या नावानं दगड उभा केला. धाकट्याला मूलबाळ नव्हतं, म्हणून आपण सगळे थोरल्याचा वंश.

"आणि गुरं?" मी विचारलं.

"गुरं संध्याकाळी आपली आपन घरी आली," त्या म्हणाल्या आणि ताट धुवायला हौदाकडं गेल्या.

ते वाक्य माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही.

पुढं मला राहात्याला शाळेत नोकरी लागली. आम्ही तिथंच घर केलं. मी दिवाळी अंकांसाठी रहस्यकथा लिहायला लागले आणि त्या वाचकांना आवडू लागल्या. काही वर्षांनी पुण्याच्या एका प्रकाशकांनी कादंबरी मागितली. ऐतिहासिक हवी आणि त्यात खून हवा, असं त्यांचं म्हणणं. सासूबाई तोवर गेल्या होत्या. फोन ठेवला तेव्हा मला त्यांचंच वाक्य ऐकू आलं. ज्या गुरांसाठी माणूस मारला, ती गुरं सोडून चोर कशाला जाईल? आणि चोर आलेच नसतील, तर त्या धाकट्याला कुणी मारलं?

मी काळ निजामशाहीचा, चार-पाचशे वर्षांपूर्वीचा धरला. पोलीस नाहीत, शवविच्छेदन नाही, बोटांचे ठसे नाहीत. गावात वाद झाला की पंच-भाऊबंदांची गोतसभा बसायची. पुरावा नसेल तर संशयिताला दिव्य करायला लावत. उकळत्या तेलातून धातूचा तुकडा हातानं काढायचा, हात भाजला नाही तर तो निर्दोष. अशा जगात शोध घेणारा माणूस कसा विचार करेल, हे मला आधी स्वतःला पटवावं लागलं. जुन्या पेहरावात आजचा इन्स्पेक्टर उभा करायचा नाही, हे मी ठरवलं होतं. गुन्हा त्या काळातच घडू शकेल असा हवा. पण गुन्ह्यामागचं कारण असं हवं, की ते माझ्याही घरात आज घडू शकेल. या दोन गोष्टी जमल्याशिवाय मी एक पानही पुढं जात नाही.

गुरांबद्दलची खात्री करायला मी घोडेगावच्या बाजारात जाऊन उभी राहिले. नुकतीच विकलेली एक खिलार गाय दोन माणसं टेम्पोत चढवत होती. ती मान मागं वळवून आली त्या रस्त्याकडं ओढत राहिली. दोर सुटला असता तर ती नक्की घरी गेली असती. पण कुणी हाकत असताना सगळा कळप सुटून येणं अवघड. त्या दिवशी गुरांना कुणी हाकलंच नव्हतं. ती चरत होती, आणि दिवस कलल्यावर रोजच्या वाटेनं परतली. मरणारा आणि मारणारा दोघंही घरचेच होते. बाजारातून निघताना माझा खुनी ठरला होता, थोरला भाऊ. घरातले पुरुष त्या दगडापुढं का जात नाहीत, तेही उमगल्यासारखं वाटलं.

कादंबरी पुरी झाल्यावर प्रकाशकांचा फोन आला.

"बाई, लिखाण उत्तम आहे. पण भाऊ नको. बाहेरची टोळी करा. वाचकाला चीड यायला परका माणूस लागतो."

"चीड यायला नाही लिहिलं मी," मी म्हटलं. "टोळी आली असती तर गुरं परत आली नसती."

"कादंबरी आहे ती. गुरं गेली असं लिहा."

"नाही लिहिणार."

त्यांनी बाड परत पाठवलं. मला वाईट वाटलं, पण डगमगले नाही. त्याहून अवघड काम पुढं होतं. यजमानांनी बाड वाचलं. मग म्हणाले, "दादाला आधी सांग. त्याला बाहेरून कळता कामा नये."

पोळ्याला आम्ही गावी गेलो. जेवणं झाल्यावर ओसरीवर मी दिरांना सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. मी थांबल्यावर बोलले.

"म्हंजी आमी खुन्याची औलाद?"

"मी गोष्ट लिहिली आहे, भाऊजी. खरं काय झालं ते कुणालाच माहीत नाही."

"लोकांना गोष्ट आन् खरं यातलं काय कळतंय? पोरीची सोयरीक चाललीय. उद्या पावनं इचारतील, हेच का ते घर? इतकी वर्षं या घरानं त्या बाबाला निवद दाखवला, आन् तुमी शिकल्या-सवरल्या त्याचंच पुस्तक करून इकनार?"

"नाव कुणाचं नाही त्यात."

"दगुड तर हाय का न्हाई? बांध हाय का न्हाई?" ते उठून उभे राहिले. "छापायचं असंल तर छापा, मॅडम. पन मग या घराची पायरी चढू नका."

 मी आत गेले. जाऊबाई चुलीपाशी भांडी आवरत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. हातातलं पातेलं ठेवून त्या हळूच म्हणाल्या, "मला बी लग्न झाल्यापासून तेच वाटायचं. गुरं आपली आपन कशी येतील? आत्याबाईंना इचारलं हुतं एकदा. त्या रडल्या. परत न्हाई इचारलं."

मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. सासूबाईंच्या त्या रडण्याचा अर्थ आम्हा दोघींनाही सांगता येत नव्हता. पण हा प्रश्न या घरात माझ्या आधीही कुणीतरी विचारला होता, याचा मला मोठा धीर आला.

दिरांचा राग खोटा नव्हता. पुतणीचं लग्न मोडावं इतकी माझी कादंबरी मोठी नव्हती. आणि प्रश्न सोडून द्यावा इतकी ती लहानही नव्हती. राहात्याला परतताना मी यजमानांना सांगितलं, "गाव बदलते. दगड काढून टाकते. भाऊ मात्र राहील."

गोष्ट मी माझ्या माहेराकडं, घाटावरच्या कर्जतच्या कोरड्या माळावर नेली. वाटलं होतं, नावं बदलली की झालं. तसं होत नाही. इकडं उसाचं हिरवं रान नाही, चिंचेची गर्द सावली नाही. दुष्काळात दोघं भाऊ आणि एकाच आडाचं पाणी. भांडण गुरांवरून सुरू झालं, पण खरं कारण पाणी ठरलं. माहेरच्या माळावर मी उन्हात हिंडले. आवाज किती लांब जातो, घराच्या दारातून आड दिसतो का, हे पाहिलं. आड दिसत नव्हता. त्यामुळं दारातून खून पाहणारा साक्षीदार गेला आणि चार प्रकरणं फाडावी लागली. मी ती फाडली. शाळा सुटल्यावर रोज बसून पहिल्या पानापासून पुन्हा लिहिलं. पहिल्या मसुद्यातला थोरला भाऊ नुसता लोभी होता. या वेळी तो तहानलेला होता, दोन लेकरांचा बाप होता, आणि मला त्याची भीती वाटायला लागली. हे पुस्तक पहिल्यापेक्षा चांगलं झालं, आणि ते दिरांच्या रागामुळं झालं, हे मी मान्य करते.

एका लहानशा प्रकाशन संस्थेनं ते भावासकट छापलं. दिरांकडून वर्षभर फोन नव्हता. मी गावच्या घरात पाऊल ठेवलं नाही, त्यांचा शब्द मोडला नाही. मग पुतणीचं लग्न ठरलं आणि जाऊबाई स्वतः राहात्याला आमंत्रण घेऊन आल्या. "त्यांनीच धाडलंय," एवढंच म्हणाल्या.

मांडवात जेवणाच्या पंगती चालू असताना दीर माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले. नजर वाढप्यांवर होती. मग माझ्याकडं न पाहता म्हणाले, "त्या थोरल्याचा हात तेलात का भाजला न्हाई?"

त्यांनी पुस्तक शेवटपर्यंत वाचलं होतं.

"तेल तापलेलंच नव्हतं," मी म्हटलं. "पंचांना माहीत होतं. धाकटा गेला होता. थोरल्यालाही घालवलं असतं तर दुष्काळात दोन घरं कुणी पोसली असती? गावाला तो हवा होता."

"तसं लिवलं न्हाई तुमी कुठं."

"पंच तेलाजवळ बसलेत आणि कुणाच्या कपाळावर घाम नाही, असं लिहिलंय."

त्यांनी मग खुर्ची माझ्याकडं वळवली.

"म्हंजी सगळं गावच त्यात."

"व्हय."

"मग तसं सरळ लिवायला पायजे हुतं. लोकांना कळत न्हाई." त्यांचा आवाज चढला. आजूबाजूचे पाहुणे पाहायला लागले. मीही आवाज चढवला. सगळं सांगून टाकलं तर वाचणाऱ्यानं करायचं काय, असं मी विचारलं. जाऊबाई दोघांपुढं पानं मांडून मठ्ठा ओतत म्हणाल्या, "आधी जेवा, मग भांडा." आम्ही जेवता जेवताच भांडत राहिलो.