तात्पुरता आकडा

ऑफिसात सगळे त्याला शंकासुर म्हणत आणि मनातून त्याला ते आवडतही असे. सव्वीस वर्षं काम एकच: काँक्रीटची इमारत कॉम्प्युटरवर उभी करायची, तिच्यावर वजन वाढवत न्यायचं आणि ती कुठे तडकते, कधी मोडते ते बघायचं. असल्या कामाला भोळ्या मनाचा माणूस काय कामाचा, असं त्याचं ठाम मत. घरी बायकोने दुधाचा वास घेतला तरी हा पुन्हा घेणारच.

मंगळवारी साइटच्या सुपरवायझरने फोटो पाठवला. शाळेच्या नव्या सभागृहातल्या गॅलरीत नुसत्या खुर्च्या मांडल्या, तर खालच्या तुळईला आधाराजवळ केसासारखी तिरकी चीर गेली होती. कॉम्प्युटरवर तिथे काहीच दिसलं नव्हतं. शुक्रवारी त्याच गॅलरीत दोनशे मुलं बसणार होती, त्यांत त्याची नातही.

"कंत्राटदाराने सळ्या खाल्ल्या!" तो गरजला. यंत्र घेऊन स्वतः गेला, तुळईतल्या सळ्या मोजल्या. एकही कमी नाही. मग संशय काँक्रीटवर. नमुने कापून काढले, दाबून फोडले. ते चांगले निघाले. बिचारा कंत्राटदार दोन दिवस तोंड बारीक करून मागे मागे फिरत होता, तर याला त्यातही काळंबेरं दिसत होतं.

"म्हणजे मॉडेलमध्येच कुणीतरी माती खाल्लीय," असं म्हणत गुरुवारी सकाळी तो शेजारच्या टेबलावरच्या इंजिनीयर बाईंकडे वळला. मॉडेल दोघांनी मिळून केलं होतं. बाईंनी फाइल उघडली. काँक्रीट किती ताणाला तडकेल तो आकडा चक्क दुप्पट होता. बाजूला टीप: "तात्पुरता. चिरा पडू लागल्या की गणित मध्येच अडकतं म्हणून वाढवला. नंतर मूळ आकडा घालणे." खाली त्याचीच आद्याक्षरं.

आठ महिन्यांपूर्वी, रजेवर जायच्या आदल्या दिवशी त्याने हे केलं होतं. परत आला तेव्हा गणित सुरळीत सुटलेलं होतं आणि आकडा पार विसरला होता.

"तुम्ही बघितलं नव्हतं का हे?"

"बघितलं होतं," बाई म्हणाल्या. "पण खाली तुमची अक्षरं होती. म्हटलं, तुम्ही तपासल्याशिवाय थोडंच सोडाल?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरा आकडा घालून त्याने गणित पुन्हा चालवलं. चीर नेमकी फोटोतल्याच जागी उमटली, आणि गॅलरी अर्धी भरायच्या आतच तुळई मोडली.

त्याने मुख्याध्यापिकांना फोन लावला. "उद्या गॅलरी बंद ठेवा. एकही मूल वर जाता कामा नये."

"कंत्राटदाराने घोळ घातला ना? मला वाटलंच होतं."

"नाही. मी घातला."

संध्याकाळी घरी त्याने सवयीने पातेल्यातल्या दुधाचा वास घेतला. मग पातेलं बायकोपुढे धरलं.

"मी बघितलंय," तो म्हणाला. "तरी तूही बघ."